मातृस्मरण आणि संबंधत्याग

सूत्रपाठाच्या आचार प्रकरणात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकाला स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषेकरून आप्तजनांचा संबंध सोडावयास सांगितले आहे. तसेच स्मरण करावयाचे ते परमेश्वराचे; त्याचे नाम, त्याची मूर्ती, त्याच्या लीळा आणि चेष्टा हाच स्मरणाचा विषय होय, असाही शास्त्राचा निर्णय आहे. मग ज्या वृद्ध मातेने घरात धर्म आणला, नातवंडांना मांडीवर घेऊन पहिले नाम शिकविले, ती निवर्तल्यावर तिचे स्मरण करावे की करू नये? वासनिकांच्या घरोघरी हा प्रश्न उपस्थित होतो. भावनेच्या भरात 'करावे' म्हटले तर शास्त्राला बगल दिल्यासारखे होते. केवळ शब्दाला धरून 'करू नये' म्हटले तर कृतघ्नता पदरी येते. म्हणून या प्रश्नाचा विचार एका सर्वपरिचित चरित्राच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

पाचाडची मातोश्री

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी घाट उतरून पोलादपूरला येते आणि तेथून महाडमार्गे समुद्राकडे जाते. याच महाड तालुक्यात रायगडाच्या पायथ्याशी पाचाड हे गाव आहे. उतारवयात गडावरील थंड वारा मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी मातोश्री जिजाबाईंसाठी येथे वाडा बांधला. वाड्याचे चौथरे, तटाचे अवशेष आणि 'तक्क्याची विहीर' आजही तेथे आहे. ज्येष्ठ वद्य ९, शके 1596, म्हणजे 17 जून 1674 रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. त्यांची समाधीही पाचाडलाच आहे.

जिजाबाईंचा उपासनामार्ग पंथाचा नव्हता. त्या देवताभक्त होत्या आणि देवताभक्तीचे फळ मर्यादित आहे हा शास्त्रसिद्धान्त येथे तसाच उभा आहे. परंतु प्रस्तुत विचाराचा विषय त्यांचे उपास्य हा नसून, दुःखाच्या प्रसंगी त्यांनी धरलेली वाट हा आहे.

विदर्भातील सिंदखेड हे त्यांचे माहेर. लोणार, मेहकर या लीळाचरित्रात उल्लेखिलेल्या स्थानांच्याच परिसरातील हे गाव. 25 जुलै 1629 रोजी देवगिरीच्या किल्ल्यात त्यांचे वडील लखुजी जाधवराव पुत्र-पौत्रांसह मारले गेले. त्या वेळी शिवाजी महाराज मातेच्या गर्भात होते. पुढे ज्येष्ठ पुत्र संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. 5 सप्टेंबर 1659 रोजी सून सईबाई राजगडावर निवर्तल्या. त्यांचा मुलगा संभाजी त्या वेळी अवघा दोन वर्षांचा होता. 23 जानेवारी 1664 रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून पती शहाजीराजे यांचाही अंत झाला.

पतिनिधनाची वार्ता येताच जिजाबाई सहगमनाला सिद्ध झाल्या. पुत्राने त्यांच्या मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून, शपथ घालून त्यांना निवृत्त केले, असे बखरकार सांगतात. या प्रसंगाकडे बहुधा पुत्राच्या मातृप्रेमाचा प्रसंग म्हणून पाहिले जाते. त्यात मातेचाही एक निर्णय आहे, याकडे लक्ष जात नाही. मृताशी असलेला संबंध शेवटास नेणे हा एक मार्ग त्यांच्यापुढे होता. जिवंतांविषयीचे कर्तव्य उचलणे हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग स्वीकारला आणि त्यानंतर दहा वर्षे तो चालविला.

दहा वर्षांचा हिशेब

या दहा वर्षांत काय घडले हे पाहिले म्हणजे त्या निर्णयाचे मोल कळते. 1664 मध्ये नातू संभाजी सात वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी पुरंदरचा तह झाला आणि त्या आठ वर्षांच्या मुलाला मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणीत जावे लागले. 5 मार्च 1666 रोजी महाराज आग्र्यास निघाले, तेव्हा नवव्या वर्षात असलेला नातूही सोबत होता; आणि मागे राज्याचा भार होता तो आजीवर. पुत्र व नातू दोघेही शत्रूच्या हाती सापडल्याची वार्ता आली, तरी राज्याची व्यवस्था ढळली नाही. आग्र्याहून सुटताना महाराजांनी मुलाला मथुरेस ठेवले आणि तो वाटेत वारल्याची वार्ता पसरविली. पुढे तो सुखरूप परतला आणि पुन्हा आजीच्या सान्निध्यात वाढला. 6 जून 1674 चा राज्याभिषेक झाला तेव्हा त्याने सतरावे वर्ष ओलांडले होते. तो सोहळा डोळ्यांनी पाहून अकराव्या दिवशी आजीने देह ठेवला. 1664 मध्ये ती चितेवर चढली असती तर या मुलाची दुसरी आईही गेली असती.

पतीचे स्मरण तिने सोडले असे कोणी म्हणणार नाही. तिने ते स्मरण शोकातून काढून कर्तव्यात ठेवले. साधकाने घ्यावयाचे ते एवढेच.

ग्रंथात न आलेले

पोलादपूर येथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवभारत हे त्यांचे संस्कृत काव्य जिजाबाईंचे वर्णन आदराने करते. पण ते काव्य अपूर्ण राहिले आणि त्याचे कथानक 1661 च्या सुमारास थांबले. म्हणजे ज्या दहा वर्षांचा वर हिशेब मांडला, ती वर्षे त्या काव्यात नाहीत. पाचाडच्या वाड्यातील आजीचे दिवस विद्वानाच्या लेखणीतून सुटले. ते लोकांच्या बोलण्यात उरले, बखरींत थोडे उतरले.

येथे पंथाच्या इतिहासातील एक प्रसंग अवश्य आठवतो. केशोबास हे संस्कृतचे पंडित. शास्त्र संस्कृतात बांधावे हा त्यांचा ओढा होता. आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. तसे केल्याने आपल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांनी दिलेले कारण स्मृतिस्थळाने नोंदवून ठेवले आहे. या 'म्हाताऱ्या' म्हणजे दयेस पात्र अशा अडाणी स्त्रिया नव्हेत. स्वामींच्या सन्निधानात बसून त्यांनी प्रश्न विचारले होते, उत्तरे मनात साठविली होती. स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून लीळा गोळा केल्या, त्या वेळी या स्त्रियांची स्मृतीही कामी आली. महदाइसांची जिज्ञासा तर भटोबासांनाही गौरवावीशी वाटली. श्रीगोविंदप्रभूंच्या इच्छेवरून धवळे रचणाऱ्या त्या आद्य मराठी कवयित्री होत. पंथाचे वाङ्मय मराठीत राहिले याच्या मुळाशी वृद्ध स्त्रियांविषयीची ही कृतज्ञता आहे.

आबाइसांचा दाखला

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आप्तसंबंध सोडावा असे शास्त्र सांगते. परंतु भटोबासांच्या मातोश्री आबाइसा, भगिनी उमाइसा आणि चुलत भगिनी महदाइसा यांची नावे लीळाचरित्रात आदराने राखलेली आहेत. तारुण्यात भरकटलेले नागदेव स्वामींच्या दर्शनाला आले ते घरातील याच स्त्रियांच्या योगाने. पुढे मातेने आणि पुत्राने एकाच परमेश्वराचा आश्रय केला. त्या आश्रयात 'माझा मुलगा', 'माझी आई' हा अभिमान गळाला. एकाने दुसऱ्याला धर्माकडे नेले हा उपकार मात्र गळाला नाही. सोडावयाचा तो पहिला. दुसरा सोडा असे सूत्र सांगत नाही.

संबंध हा जीवाला मागे ओढतो. 'ती नाही, आता कसे होईल' ही त्याची भाषा. उपकारस्मरण जीवाला पुढे नेते. 'तिने दाखविलेले मी चुकवीन तर तिचे कष्ट वाया जातील' ही त्याची भाषा. पहिल्याने नामस्मरणात विक्षेप येतो. दुसऱ्याने मन नामाकडेच वळते, कारण मातेची आठवण म्हणजे तिने दिलेल्या नामाची आठवण असते. ज्या साधकाने अनुसरण घेतले आहे, त्याने देश, गाव, आप्त या तिहींपासून देहानेही दूर राहावे, हा विधी त्याला पूर्णपणे लागू आहे. वासनिकाने घरात राहून मनातील ममत्व झाडावे आणि उपकार मात्र आचरणाने फेडावा.

आचरणाची दिशा

प्रत्येक जीव आपापल्या कर्माचे फळ भोगतो. मागे राहिलेल्यांच्या रडण्याने गेलेल्या जीवाची गती पालटत नाही. त्या रडण्याने राहिलेल्यांचा काळ मात्र जातो. म्हणून मातेच्या किंवा आजीच्या निधनदिनी घरातील सर्वांनी एकत्र बसून परमेश्वराचे नाम घ्यावे. तिच्या तोंडून ऐकलेली एखादी लीळा तिच्याच शब्दांत मुलांना सांगावी. तिने ज्या भिक्षुकांना, तपस्विनींना अन्न वाढले त्यांच्यासाठी घराचे दार पूर्ववत उघडे ठेवावे. तिचे एखादे व्रत अथवा नेम कुटुंबातून सुटला असेल तर तो पुन्हा धरावा. घरात अद्याप एखादी वृद्धा हयात असेल, तर तिला ठाऊक असलेल्या लीळा, वचने आणि पंथातील थोरांच्या आठवणी ती असतानाच विचारून घ्याव्यात. म्हाइंभटांनी जे केले ते याहून वेगळे नव्हते. अशा घरात नातवंडांना आजीचे नाव सांगताना परमेश्वराचे नाव आपोआप येते, आणि तेथे स्मरणाचा विधीही मोडत नाही.