हवामान बदल : ऐकीव बोलणे आणि तपासलेले सत्य



हवामान बदलाविषयी पेण-रोह्याकडे दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक, ‘पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही.’ दुसरे, ‘हे सगळे थोतांड आहे, निसर्ग असाच असतो.’ या दुसऱ्या प्रकारचे संदेश मोबाइलवर येतात आणि पुष्कळ जण ते न तपासता पुढे पाठवतात. आठवी आज्ञा आपल्याला खोटी साक्ष देण्यास मनाई करते. न तपासलेली गोष्ट खरी म्हणून पसरवणे हाही त्याच आज्ञेचा विषय आहे. म्हणून नेहमी ऐकू येणारे चार आक्षेप घेऊन त्यांचा विचार करू या.

१. ‘पूर पूर्वीही येत होते’

खरे आहे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने नागोठण्यात हाहाकार उडवला होता. एकटा पूर दाखवून हवामान बदल सिद्ध होत नाही, तसाच तो खोटाही ठरत नाही. गावात ताप पूर्वीही यायचा. पण तिप्पट घरांत ताप आला तर डॉक्टर त्याचे कारण शोधतो. तसेच इथे अनेक वर्षांची मोजणी पाहावी लागते.

पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातील पावसाच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असे त्यात दिसले. पावसाळ्यातला एकूण पाऊस मात्र घटला. म्हणजे ‘पाऊस कमी झाला’ म्हणणारा आणि ‘पाऊस एकदम कोसळतो’ म्हणणारा, दोघेही खरे बोलत असू शकतात. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. हे बाष्प एकदम मोकळे झाले की ढगफुटीसारखा पाऊस होतो.

चक्रीवादळांचेही तसेच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजले की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली.

२. ‘सूर्य तापतो आहे, माणसाचा काय संबंध?’

उपग्रह १९७८ पासून सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात या तापमानवाढीचे कारण ठरेल अशी वाढ झालेली नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे व खालचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा गार होतो आहे. खालची उष्णता अडवली जात असल्याची ही खूण आहे.

ती अडवणाऱ्या वायूंत कार्बन डायऑक्साइड प्रमुख आहे. तो उष्णता अडवतो हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगशाळेत दाखवले होते. हवाई बेटावर १९५८ मध्ये त्याची नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवरून कळते की गेल्या आठ लाख वर्षांत, औद्योगिक युग सुरू होईपर्यंत, तो ३०० च्या वर कधी गेला नव्हता. हा कार्बन ज्वालामुखीचा नाही, कोळसा आणि तेल जाळल्याचा आहे, हे त्याच्या अणूंच्या प्रकारांवरून ओळखता येते.

३. ‘हे परदेशी लोकांचे कारस्थान आहे’

वर सांगितलेली मोजणी पुण्यात झाली आहे. एकमेकांशी न पटणाऱ्या देशांच्या प्रयोगशाळांतही उत्तर तेच येते. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या मंडळाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की माणसामुळे पृथ्वी तापली यात शंका उरलेली नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते केवळ माणसाच्या अधिकारावर उभा केलेला युक्तिवाद सर्वांत दुबळा असतो. म्हणून ‘कोण म्हणाले’ एवढ्यावर थांबू नका. ‘कशावरून म्हणाले’ हे विचारा.

४. ‘ऋतू देवाच्या हाती आहेत, त्याने तसे वचन दिले आहे’

उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात पेरणी आणि कापणी थांबणार नाहीत असे वचन आहे. परंतु त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बागेची मशागत आणि राखण माणसावर सोपवली आहे. वचन मिळाले म्हणून राखणदाराने झोपावे असे कुठेही लिहिलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘लाउदाते देउम’ ही पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्रात त्यांनी हवामान बदल नाकारणाऱ्यांना सविस्तर उत्तर दिले. अशी मते ख्रिस्तसभेच्या आतही आढळतात, हेही त्यांनी लपवले नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

१९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग आता जास्त आहे. पेणच्या खारपट्ट्यात बांधाला खांड गेली की उधाणाचे पाणी भातशेतीत शिरते आणि जमीन नापीक होते. प्रत्येक खांड हवामान बदलामुळे जाते असे म्हणणे चूक ठरेल. बांधाची देखभाल न होणे हेही मोठे कारण आहे. मात्र समुद्र वर येत असताना दुर्लक्षित बांध अधिक धोक्याचा ठरतो.

‘काही बदललेले नाही’ असे मानणारा माणूस बांधासाठी ग्रामसभेत बोलत नाही आणि वादळाचा इशारा आला तरी घर सोडत नाही. त्याच्या हट्टाची किंमत बऱ्याचदा म्हातारी माणसे, लहान मुले आणि डोंगरउतारावरच्या वाड्यांतील गरीब कुटुंबे मोजतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. एकट्या हवामान बदलाने ती नेली असे कोणी म्हणू नये. पण अतिवृष्टी वाढत असताना अशा वाड्यांकडे डोळेझाक करणे हे शेजारप्रेमाच्या आज्ञेविरुद्ध आहे.

संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. हे मोजले कोणी? एका दिवसाची गोष्ट आहे की अनेक वर्षांची? ही मोजणी दुसऱ्या कोणी तपासली आहे का? उत्तर मिळाले नाही तर संदेश तिथेच थांबवा. कोणी वाद घातला तर त्याला हिणवू नका. शांतपणे, पुराव्यासह बोला.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना पावसात आणि उधाणात कोणता फरक दिसतो? तो लिहून ठेवा.
२. आपल्या वाडीत दरड, पूर किंवा उधाणाचा धोका कोणाला आहे? इशारा आल्यास त्यांना कोण नेणार आणि कुठे?
३. येत्या ग्रामसभेत आपल्यापैकी कोण बोलणार?

सृष्टीचा निर्माता आपल्याला सत्य पाहण्याची दृष्टी आणि ते बोलण्याचे धैर्य देवो.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू