आधी पायी फिर

सराफा, जबलपूर

चि. समीर,

दिवाळीत तू येणार, शाळेतले मित्र एका संध्याकाळी जमणार आणि वाइन उघडायची ठरलीय, हे वाचून बरं वाटलं. माझं सांगणं एवढंच, की त्या दिवशी सकाळपासून पायी फिर. तुझ्या मनात तू सोडून गेलास तेव्हाचं जबलपूर आहे. तुझे मित्र आजच्या जबलपुरात राहतात. न फिरता बसलास तर गप्पा मास्तरांच्या नकलांपलीकडे जायच्या नाहीत.

सराफ्यातूनच निघ. दुकानं उघडली की एखाद्या पेढीवर बस. तुझ्या आजीनं पाटल्या घडवल्या तेव्हा सोनाराचा शब्द हीच खूण होती. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असावाच लागतो आणि गिऱ्हाईक तो मोबाइलवर तपासतं. मला हा बदल मनापासून आवडतो. जिची बाजारात कुणाशी ओळख नाही, त्या बाईलाही आता सोन्याची खात्री मिळते. तुझा एक मित्र याच धंद्यात आहे, त्याला याबद्दल विचार.

पुढे कमानिया गेट. सुभाषबाबू तापानं फणफणलेले असताना ज्याचे अध्यक्ष होते, त्या १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची ही आठवण. गर्दीतही थांबून वर बघ. जवळच खव्याची जिलेबी खा, आणि मग रिक्शानं हाऊबाग स्टेशनकडे जा. गोंदियाकडून आपली कितीतरी माणसं त्या छोट्या लाईननं इथे आली. २०१५ मध्ये ती बंद झाली. आता मोठी लाईन गोंदियापर्यंत जाते.

तिथे तुझा गळा दाटेल. दाटू दे. पण संध्याकाळी ‘आपलं जबलपूर राहिलं नाही’ असं म्हणू नकोस. जे इथेच राहिले त्यांनी खोदकामाची धूळ खाल्ली. मदनमहाल ते दमोहनाका उड्डाणपूल उभा राहीपर्यंत वळसे घेऊन आईबापांना दवाखान्यात नेलं. त्यांना तो पूल हवा होता. तू नोकरीसाठी गेलास यात वावगं काही नाही. पण शहर होतं तसंच राहावं, असा हट्ट धरायचा हक्क सोडून गेलेल्याला उरत नाही.

बसाल ते कुणाच्या तरी घरीच बसा. ग्वारीघाटला किंवा भेडाघाटला बाटली न्यायची नाही. नर्मदेपासून पाच किलोमीटरच्या आत दारूचं दुकान नको, हे सरकारचं धोरण आहेच; ते नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. ती आपली माई आहे. जो घेत नाही त्याला आग्रह नको, त्याच्यासाठी सरबत आधीच करून ठेव. लाल वाइनही अर्धा तास फ्रीजमध्ये राहू दे. ज्यानं घेतली त्यानं गाडी चालवायची नाही, मग घर दोन गल्ल्यांवर का असेना.

आणि पहिला पेला भरण्याआधी, दिवसभरात जे पाहून कळलं नाही ते त्यांना विचार. मग त्यांना बोलू दे.

तुझा,
नानाकाका