गाडी खाली बसव, पण आधी एवढं ऐक

राजा, तुझी हौस मला कळते. जुनी मारुती झेन दिसायला मुळातच देखणी, त्यात चाकाच्या वर चार बोटं मोकळी जागा दिसली की डोळ्यांत खुपते. गाडी जराशी खाली बसली की ती नेटकी दिसते आणि वळणावर रस्ता धरून जाते. कमाई तुझी आहे, गाडी स्वस्तात मिळाली आहे, मग दोन पैसे तिच्यावर घालावेसे वाटणारच. मी नको म्हणत नाही. पण चिखलीत स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसून जे रोज बघते, ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

पहिलं म्हणजे गॅस कटरने स्प्रिंगचे दोन वेढे उडवायचा उपाय डोक्यातून काढून टाक. कोणी म्हणेल, तासाभराचं काम आहे, खर्चही नाही. अरे, त्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणूनच ते हजारो वेळा दबून परत उभं राहतं. गॅसची ज्योत लागली की कापलेल्या जागेच्या आसपासचं पाणी उतरतं. कुठे पोलाद मऊ पडतं, कुठे ठिसूळ होतं, आणि मग एखाद्या खड्ड्यात स्प्रिंग तिथेच तुटते. स्प्रिंग गाडीवरच तापवून 'बसवणारे' तर याहून वाईट. त्या आचेने शेजारच्या शॉकअपचं ऑइल सीलही जातं.

ग्राइंडरने कापली तर आच कमी लागते, पण बाकीचं दुखणं तसंच राहतं. कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते, जागेवरून सरकते आणि 'खट्' आवाज येतो. शिवाय हिशोबही जमत नाही. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा काढला तर तिची ताकद सातव्या हिश्शानेच वाढते. पण समज, चाकाला वर जायला तीन इंच जागा होती आणि तू गाडी दोन इंच खाली आणलीस, तर उरला एकच इंच. म्हणजे प्रत्येक आदळ्याला बंप रबरवर धडक. ती धडक पुढे स्ट्रट माउंटिंगला, मग बॉडीच्या जोडांना आणि शेवटी तुझ्या कमरेला लागते.

आता आपले रस्ते बघ. जुन्या झेनचा ग्राउंड क्लिअरन्स सुमारे १६५ मिमी. रस्त्यांच्या मानकाप्रमाणे बांधलेला गोल गतिरोधक १०० मिमी उंचीचा आणि चांगला ३.७ मीटर रुंद असतो. तू गाडी दोन इंच खाली घेतलीस की उरले ११४ मिमी. आई-बाबा, काकू आणि डिक्कीत शेगावहून आणलेलं सामान असं भरलं की आणखी इंच-दीड इंच गेला. नियमाने बांधलेला रुंद गतिरोधक एकवेळ सावकाश पार होईल, कारण चाकंही त्याच्यावर चढतात. पण गावोगावचे गतिरोधक नियम बघून कुठे बांधलेले असतात? पाण्याचा पाईप रस्त्याखालून नेऊन वर मुरमाचा उंचवटा ठोकलेला असतो, तो तर रात्री दिसतही नाही. त्याला इंजिनचं तेलाचं चेंबर टेकणार. चेंबरला चीर गेली आणि तेल सांडलं तरी लक्षात येत नाही. ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंगं घासलेली असतात आणि इंजिन हातचं जातं.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता म्हणून लाटांसारखा होतो. नांदुऱ्याकडे जाताना गाडी डोलते ती त्यामुळेच. बुलडाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाट, खामगावला जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथा घाट. तिथल्या वळणावर भरलेल्या गाडीची स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना चाक खड्ड्यात गेलं, तर टायर मडगार्डला घासतो. मेहकर किंवा सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्गावर चढलास की वेग आपोआप वाढतो. बंप रबरवर उड्या मारणारी गाडी त्या वेगाला सरळ धरवत नाही.

कायद्याचंही ऐकून ठेव. ही झेन २००६ मध्ये बंद झाली. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या प्रत्येक झेनची नोंदणीची पहिली १५ वर्षं कधीच उलटली आहेत. दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला नेऊन आरसीचं नूतनीकरण करावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत फेरफार करण्याला आडकाठी घालतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून काम काढायच्या आधी बुलडाण्याच्या आरटीओ कार्यालयात जाऊन विचार आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळव. ते नाही म्हणाले तर तिथेच थांब. अपघात झाल्यावर क्लेम अडला, तर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातील.

माझं सांगणं एकच आहे : जे करशील ते एका इंचात कर, आणि परत मूळ जागी आणता येईल असंच कर.

त्याआधी पैसा कुठे घालायचा, तेही क्रमाने सांगते. मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोड. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, दोन-तीन वेळा डोलली तर गेला. खाली वाकून बघ, शॉकअपच्या नळीवर तेल आणि धुळीचा काळा चिकट थर दिसला तर तो गळतोय. पुढच्या चाकांना जॅक लावून आडवं-उभं हलव, म्हणजे टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटचा खेळ कळेल. लोअर आर्मचे बुश फाटले असतील तर बदल. टायर हाताने आतल्या बाजूनेही चाचप. बाहेरून नक्षी शाबूत दिसते आणि आतल्या कडेला तारा बोटाला टोचतात, असे टायर माझ्यासमोर कितीदा आले आहेत. एवढं नवं झालं की जुनी गाडी इतकी घट्ट चालते, की खाली बसवायची निम्मी ओढ तिथेच भागते.

नुसतं दिसणं सुधारायचं असेल तर आणखी एक मार्ग आहे. झेनच्या १४५/७० आर १३ टायरऐवजी १५५/६५ आर १३ घेतला तर व्यास जवळजवळ तोच राहतो, स्पीडोमीटर चुकत नाही आणि चाक भरीव दिसतं. ही मापं चालतात का, तेही त्याच आरटीओ फेरीत विचारून घे. फार चपटा टायर मात्र घेऊ नकोस. त्याने चाक लहान होतं आणि मडगार्डखालची मोकळी जागा उलट वाढते.

आणि परवानगीची बाजू स्वच्छ असेल, तर काम असं करून घे. आधी सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप वहीत लिही. जुनी स्प्रिंग वर्षानुवर्षांच्या ओझ्याने आधीच बसलेली असते, त्यामुळे एक बाजू खाली निघाली तर दचकू नकोस. तुझ्या मॉडेलची तयार आखूड स्प्रिंग मिळाली तर ती घे. नाहीतर स्प्रिंग बनवणाऱ्याकडून करून घे आणि त्याला तारेची जाडी नीट सांग. १० मिमीची तार ११ मिमी केली, की बाकी मापं तीच ठेवूनही ताकद जवळजवळ दीडपट होते. वेढे कापून जी ताकद येत नाही, ती अशी येते. सोबत शॉकअप नवेच टाक.

पुढचा स्ट्रट उघडताना स्प्रिंग कंप्रेसर हवाच. दाबलेल्या स्प्रिंगचा वरचा नट नुसता पान्याने सोडणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नकोस, आणि स्वतः तर मुळीच करू नकोस. ती स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते.

एका इंचाच्या पुढे का जायचं नाही, तेही सांगते. पुढचा लोअर आर्म चाकाकडे जरा खाली झुकलेला असतो. गाडी फार खाली आली की तो चाकाकडे वर चढतो आणि मग गाडी वळणावर कमी कलायच्या ऐवजी जास्त कलते. चाकंही वरून आत झुकतात आणि टायरची आतली कड खातात. म्हणून काम झाल्या झाल्या अलाइनमेंट कर आणि काही आठवडे चालवल्यावर पुन्हा एकदा तपास. पुढचा भाग खाली गेला की हेडलाइटचा झोत जवळच पडतो, तोही त्याच दिवशी भिंतीवर जुळवून घे.

मूळ स्प्रिंगांना ग्रीस लावून, पोत्यात बांधून घरी ठेव आणि प्रत्येक पार्टचं पक्कं बिल घे. पुढच्या नूतनीकरणाला कोणी हरकत घेतली किंवा घरात कोणाच्या कमरेने तक्रार केली, तर एका दिवसात गाडी होती तशी उभी करता येईल. आधी उद्याच गाडीचं मडगार्ड दाबून बघ, आणि काय दिसलं ते मला फोनवर सांग. यादी आपण दोघं मिळून करू.