उष्ण देशातल्या गुहेत माणूस गारठतो कसा?

प्रश्न : २०१८ साली थायलंडमधल्या गुहेत अडकलेल्या मुलांना थंडीचाही धोका होता, असं वाचलं. एवढ्या उष्ण देशात हे कसं?

उत्तर : गारठायला बर्फच लागतो असं नाही. शरीर जेवढी उष्णता तयार करतं त्याहून जास्त बाहेर जात राहिली, की पुरे. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. म्हणून अंघोळीला सुखद वाटणारं गार पाणीही, त्यात तासन्‌तास राहावं लागलं, तर घात करतं.

थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक २३ जूनला अडकले आणि २ जुलैला सापडले. अंगावर पातळ कपडे, पोटात अन्न नाही. कुडकुडणं ही शरीराने पेटवलेली शेकोटी. उपाशी माणसाकडे तिला सरपणच उरत नाही. मुलं पाण्याबाहेरच्या उंचवट्यावर होती, म्हणून तगली.

खरी पंचाईत सुटकेच्या वेळी झाली. बाहेर काढायचं तर गुहेत भरलेल्या पाण्यातूनच, तेही बेशुद्ध करून. शुद्धीत असलेलं मूल पाण्याखाली घाबरलं असतं, तर त्याच्यासह पाणबुड्याचाही जीव गेला असता. पण भूल दिलेलं शरीर नीट कुडकुडत नाही आणि बऱ्याच भुलीच्या औषधांनी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरून उष्णता निसटते. केटामाइन या भुलीच्या औषधाने उष्णता निसटणं कमी होतं. ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी ते वापरलं. मुलांना पाणबुड्यांचे वेटसूटही घातले होते. तरी पहिल्या दिवशी बाहेर आलेल्या मुलांचं तापमान उतरलेलंच होतं.

थंड प्रदेशातल्या गुहेत गारठणं फार लवकर घडतं. गुहेतली हवा साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाची असते. ब्रिटनमधल्या गुहा ऐन उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपास असतात.

गारठलेला माणूस सापडला तर ओले कपडे काढा, खाली जाड काहीतरी अंथरा, वरून गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम, गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. हलवताना आडवं आणि अलगद न्या. गारठलेलं हृदय धक्क्यानेही बिघडतं. आणि ऊब न मिळताच कुडकुडणं थांबलं, जीभ अडखळू लागली, तर माणूस सावरतोय असं समजू नका. धोका तेव्हाच सर्वांत मोठा असतो.