ब्रेकमधली हवा आणि पास्कलचा नियम

बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम मुलं पाठ करतात. पण तो दिसतो कुठे?

पोर्शे ९४४ ही जुनी स्पोर्ट्स कार घ्या. तिचा ब्रेक आणि क्लच एकाच टाकीतल्या ब्रेक ऑइलवर चालतो. द्रव जवळजवळ दबतच नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. नळीत हवा शिरली की आधी तीच दबते. पेडल स्पंजासारखं लागतं, गाडी वेळेत थांबत नाही. क्लचमध्ये हवा असेल तर गिअर नीट पडत नाही.

हवा काढायला दोघं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने निपल सैल करायचा, बुडबुडे निघाले की घट्ट करायचा. मगच पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत! टाकी मात्र रिकामी होऊ द्यायची नाही.

ब्रेक ऑइल ओलावाही शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. लांब उतारावर ब्रेक तापले, तर वाफ होते आणि तीही हवेसारखीच दबते.

वर्गात दोन सिरिंज नळीने जोडा, पाणी भरा. मग मुद्दाम एक बुडबुडा सोडा. नियम मुलांच्या बोटांनाच कळेल.