भौतिकशास्त्रातून कर्करोग उपचारांकडे

नीटचा निकाल लागला की अनेक घरांत एकच प्रश्न असतो: एमबीबीएसला प्रवेश मिळत नाही, मग रुग्णसेवेचं स्वप्न सोडायचं का? सोडू नका, डॉक्टर न होताही रुग्णसेवा करता येते. उदाहरणार्थ, ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या अतिशय आक्रमक कर्करोगावरचा एक उपचार समजून घ्या. तो विद्युत क्षेत्राचा आहे.

या कर्करोगाच्या पेशी निरोगी मेंदूत मुळांसारख्या शिरतात. त्यामुळे गाठ काढली तरी काही पेशी मागे राहतात. त्यांच्यासाठी रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे औषध देतात. इस्राएलच्या टेक्निऑन संस्थेतले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक योराम पाल्टी यांनी या उपचारांना वेगळी जोड शोधली. पेशीचं विभाजन होताना तिच्यातली विद्युतभार असलेली प्रथिनं ठराविक रचनेत लागतात. बाहेरून सतत दिशा बदलणारं क्षीण विद्युत क्षेत्र दिलं, तर ही रचना बिघडते आणि पेशी मरू शकते. या कल्पनेवर त्यांनी २००० साली नोव्होक्युअर ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने कंपनीच्या विद्युत क्षेत्राच्या उपकरणाला २०११मध्ये उलटलेल्या आजारासाठी आणि २०१५मध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांसाठी मान्यता दिली.

६९५ रुग्णांच्या चाचणीत केवळ औषध घेणाऱ्यांचा जगण्याचा मध्यक काळ १६ महिने होता. सोबत उपकरण वापरणाऱ्यांचा २०.९ महिने. आजार यामुळे हटत नाही, उपचार महागही आहे. पण मिळालेले महिने त्या कुटुंबासाठी मोलाचे असतात.

आता यातलं इंजिनिअरिंग पाहा. रुग्णाला डोकं भादरून त्यावर इलेक्ट्रोडच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात आणि दिवसातले निदान १८ तास उपकरण चालू ठेवावं लागतं. पट्ट्यांमुळे त्वचेला त्रास होतो, बॅटरी बरोबर वागवावी लागते. पहिल्या उपकरणाचं वजन सुमारे २.७ किलो होतं. पुढच्या आवृत्तीत ते १.२ किलोवर आलं. रुग्णाच्या खांद्यावरचं हे ओझं इंजिनिअरांनी हलकं केलं.

अशा वैद्यकीय तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात जाण्याचे मुख्य मार्ग तीन.

बायोमेडिकल इंजिनिअरिंग: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं हवं. थेट बायोमेडिकलची पदवी घेता येते. पण इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल करून पुढे एम.टेक.ला वळलात, तर नोकरीचे पर्याय अधिक खुले राहतात. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईतलं ‘बेटिक’ हे केंद्र वैद्यकीय उपकरणांवरच काम करतं.

मेडिकल फिजिक्स: ट्यूमरला किती रेडिएशन, कोणत्या कोनातून द्यायचं आणि शेजारचा मेंदू कसा वाचवायचा, याचं गणित मेडिकल फिजिसिस्ट मांडतो. एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा हा नावाजलेला मार्ग आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघरमधल्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संस्थेत आता प्रोटॉन उपचारही होतात.

रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट: यंत्र चालवणं आणि रुग्णाला रोज अचूक त्याच स्थितीत झोपवणं हे त्याचं काम. विज्ञान शाखेतून बारावीनंतर बी.एस्सी. करता येते.

पालकांनो, दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली नोकरी अनेकदा संशोधनाची नसते. रुग्णालयात उपकरणांची देखभाल किंवा कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर म्हणून सुरुवात होते. तिथेच यंत्र आणि रुग्ण दोन्ही कळतात, म्हणून ती कमी लेखू नका. दुसरी गोष्ट, प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासा, कॉलेजची प्रयोगशाळा बघा आणि माजी विद्यार्थी आज कुठे काम करतात ते विचारा.

विद्यार्थ्यांनो, भौतिकशास्त्रात मन रमत असेल आणि आजारी माणसाविषयी कळवळा असेल, तर हे क्षेत्र नाइलाज म्हणून नव्हे, पहिली पसंती म्हणून निवडा. ग्लिओब्लास्टोमावर मात करायला डॉक्टरांइतकीच तुमचीही गरज आहे.