स्क्रूला हात लावण्याआधी

"मामा, कार्बोरेटर तीनदा साफ केला, स्क्रू दोन्हीकडे फिरवून पाहिला, तरी रेस खाली येत नाही," असं परवा तू फोनवर म्हणालास तेव्हाच मी ओळखलं, गाडी हवा ओढतेय. गाडी कुठली विचारलं, तर म्हणे भंडारदऱ्याकडच्या एका रिसॉर्टची, लहान पोरांना फिरवायची चार चाकांची एटीव्ही. एटीव्ही मी जन्मात खोललेली नाही. पण इंजिन टू-स्ट्रोक आहे ना? मग तिचं दुखणं मला पाठ आहे.

भाचेबुवा, आपल्या नगरला हे इंजिन नवं नाही. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली, ५० सीसीची, इटलीच्या पियाजिओच्या मोपेडवरून बेतलेली, आणि ती आपल्याच गावात बनायची. दौंड रोडवरच्या चौकाला रिक्षावाले अजून कायनेटिक चौकच म्हणतात. मास्तर, दूधवाले, विमा एजंट, निम्मं गाव तिच्यावर बसायचं. पुढे राजदूत, येझदी, एम-एटी, आरएक्स असं सगळं हाताखालून गेलं. आता टू-स्ट्रोक म्हणजे शेतातले पाठीवरचे फवारणी पंप, गवत कापायची मशिनं आणि तुझी ही खेळगाडी. लूना २०२४ मध्ये परत आली, पण बॅटरीवर. तिला ना कार्बोरेटर, ना पिस्टन. हे सगळं शिकणारा आपल्या घरातला तू बहुतेक शेवटचाच, म्हणून लिहून देतो. फोनवर तू निम्मं ऐकत नाहीस.

फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये ऑइल पडून असतं. टू-स्ट्रोकची क्रँककेस म्हणजे लोहाराचा भाता. पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन खाली आला की तोच माल दाबला जाऊन बाजूच्या पोर्टांमधून वर चढतो. आता या भात्याला कुठे बारीक भोक पडलं, तर तिथून नुसतीच हवा आत शिरते. पेट्रोल कमी पडतं. आणि इथे वंगणाचं ऑइल पेट्रोलच्याच संगतीने येतं, त्यामुळे तेही कमी पडतं. इंजिन तापतंय आणि नेमकं तेव्हाच त्याला तेल मिळत नाही, मग पिस्टन जाम होणार नाही तर काय होणार?

माझ्या हातून एक असाच गेला. गॅरेज टाकून वर्ष झालं नव्हतं. पाथर्डी रोडचा एक दूधवाला मोपेड घेऊन आला. प्लग खडूसारखा पांढरा. मी शहाणपणा केला, मोठा जेट टाकला. गाडी चार दिवस अशी पळाली की त्याने मला पेढे आणून दिले. पाचव्या दिवशी करंजी घाटात चढाला पिस्टन धरला, गाडी आडवी, दोन्ही कॅन रस्त्यावर. खोलून बघतो तर मॅग्नेटकडच्या सीलची कड फाटलेली. फट वाढत गेली होती, जेट होता तेवढाच राहिला. बोअर आणि पिस्टनचे पैसे मी भरले. दुधाचे त्याने मागितले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

तेव्हा आधी साधं बघ. गाडी स्लोवर ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळव. रेस बदलली तर केबल आखूड झालीय किंवा कुठेतरी अडकतेय, हवेचा संबंध नाही. कार्बोरेटरमधली स्लाइड वर अडकते का ते बघ. कॉकची जाळी बघ. टाकीत पेट्रोल किती महिन्यांचं आहे ते विचार, रिसॉर्टवाले पावसाळाभर गाड्या झाकून ठेवतात.

यात काही सापडलं नाही तर मग लक्षणं जुळव. हँडल सोडलं तरी रेस वर लटकून राहते आणि सावकाश उतरते. स्लो आज लावला की उद्या बिघडतो. चोक थोडा ओढला की गाडी एकदम शहाण्यासारखी चालते. चोकचं मात्र एकट्याचं ऐकू नकोस, जेटमध्ये कचरा असला तरी तसंच होतं. प्लग वाचायचा तो ओझ्यावर पळवून, लगेच बंद करून. दारात दहा मिनिटं स्लोवर ठेवून वाचलेला प्लग काही सांगत नाही. बिस्किटाचा रंग असला तर ठीक, पांढरा पडला तर मिश्रण कोरडं.

गिअरच्या गाड्यांत मात्र एक फसगत आहे. सील क्लचकडचं गेलं तर इंजिन हवा नाही, गिअरचं ऑइल ओढतं. प्लग ओला काळा, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, आणि खाली एक थेंब गळत नसताना गिअर ऑइल कमी होतं. गिऱ्हाईक म्हणतं, "ऑइल जातं कुठे?" जातं ते सायलेन्सरवाटे.

तपासताना रेस आपोआप चढत गेली तर घाबरू नकोस. बंद करायचं बटण दाब. ऐकलं नाही तर चोक पूर्ण ओढ. गिअरची गाडी असेल तर टॉप टाकून, ब्रेक दाबून क्लच सोड. प्लगची कॅप चालू गाडीत हाताने उपटायची नाही, झटका बसतो.

आता भोक शोधायचं. आमच्या वेळी ब्रशने सांध्यांवर पेट्रोल लावायचे आणि आवाज बदलतो का ते ऐकायचे. मीही लावायचो. त्यात एकदा दोन्ही भुवया गेल्या, तुझी मामी ती गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते. तू न्हाव्याकडची पाण्याची फवारणी बाटली घे. इंजिन गरम करून स्लोवर ठेव आणि एकेका सांध्यावर बारीक फवारा मार: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डचा सांधा, मॅनिफोल्ड आणि सिलिंडरचा, सिलिंडरखालचं पॅकिंग. प्रत्येक ठिकाणी दहा आकडे मोजून थांब. पाणी ओढलं की आवाज अडखळतो. प्लगवर पाणी जाऊ देऊ नकोस, नाहीतर तो अडखळला की तू भलतंच पॅकिंग बदलशील. इनलेटचा रबरी पाइप असेल तर काढून अंगठ्याने वाकव. सरळ असताना न दिसणाऱ्या चिरा वाकवल्यावर तोंड उघडतात.

फवाऱ्याने सापडलं नाही तर फट बहुधा सीलला किंवा क्रँककेसच्या मधल्या सांध्याला आहे, आणि तिथे बाहेरून पाणी पोचत नाही. त्याला माझ्याकडे डॉक्टरी इलाज आहे: बीपी मोजायचं काट्याचं मशीन.

हसू नकोस. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय, आणि अशा इंजिनाला तपासायला दाब एवढाच लागतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा कधी देऊ नकोस. त्या दाबाने चांगली सीलं जागेवरून उडतात, मग तूच बिघाड केलास असं होतं.

एक जुना प्लग घे. त्यातली चिनी माती फोडून काढ, पोकळ राहील त्या कवचात पितळी नळी डाग देऊन बसव. नळीला बीपी मशीनची रबरी नळी लावायची, पट्टा बाजूला. सायलेन्सर काढ, ते तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी लावून बोल्टाने बंद कर. कार्बोरेटर काढून इनलेटचं तोंड तसंच. पिस्टन खाली आण, म्हणजे पोर्ट उघडे राहून वरची जागा आणि खालची क्रँककेस एक होते. आता फुग्याने हवा भर, काटा २५० वर आण, फुग्याचा नॉब घट्ट कर आणि घड्याळ बघ.

पाच-सहा मिनिटांत काटा जेमतेम हलला तर इंजिन निर्दोष. मिनिटाला ५० पेक्षा जास्त पडत असेल तर फट आहे. आधी तुझ्या स्वतःच्या नळ्या आणि ट्यूबचे तुकडे तपास, माझे निम्मे "लीक" तिथेच निघायचे. मग पाण्यात शाम्पू घालून ब्रशने सगळीकडे लाव. मॅग्नेटची चाकी पुलरने काढून ठेव, तिच्यामागे सील आहे. सीलच्या कडेला बारीक फेस धरला की सापडला चोर. बुडबुडे मोठे असतीलच असं नाही. कधीकधी साबण नुसता पांढरट होतो, म्हणून बॅटरी धरून बघ. एक लक्षात ठेव, सील बाहेर जाणारी हवा अडवतं आणि आत येणारी सोडतं असंही होतं. संशय राहिला तर दाबाऐवजी ओढ देऊन पुन्हा तपास.

सीलवर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगच्या दुकानात तेवढे सांगितले की काम होतं, गाडीचं नाव सांगावं लागत नाही. जुनं सील काढताना स्क्रूड्रायव्हरने शाफ्टला ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार. आधी शाफ्ट वर-खाली हलवून बघ. बेअरिंग ढिलं असेल तर नवं सील महिनाभरही टिकत नाही, आधी बेअरिंग बदल. शाफ्टच्या खाचेवर सेलोटेप गुंडाळ, सीलच्या ओठाला टू-टी ऑइलचा थेंब लाव, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेव, आणि सीलच्या मापाच्या पाइपाने चारही बाजूंनी सारखं ठोक.

कार्बोरेटरचा फ्लँज हवा ओढत असेल तर तो बहुधा कुणीतरी पिळून पिळून वाकवलेला असतो. पट्टी लावून उजेडाकडे धर, मध्ये फट दिसेल. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज इंग्रजी आठच्या आकड्यात फिरव, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. पॅकिंग मूळ जाडीचंच घाल. सिलिंडरखाली जाड पॅकिंग घातलं तर पोर्टांचं टायमिंग बदलतं. आणि ट्यूबमधलं ते लाल सिलिकॉन पेट्रोलच्या जागी लावू नकोस. ते फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि आत जातात. मी एकदा क्रँककेसच्या सांध्याला भरभरून लावलं होतं. खोलल्यावर पोर्टात लाल गांडूळ अडकलेलं.

बोल्ट तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळ. गाडी एकदा तापवून पूर्ण गार होऊ दे आणि पुन्हा आवळ. बीपीचा काटा परत लाव. तो स्थिर राहिला की मगच कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लाव. बहुतेक वेळा तो कंपनीच्या मापावर नेऊन ठेवला की पुरतं.

मशीन आमच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, प्लगची नळी त्याच डब्यात. रविवारी येऊन घेऊन जा. खालच्या कप्प्यातलं बॅटरीचं नवं आहे, ते मामीचं. त्याला हात लावू नकोस, पहिलं मी विचारून नेलं नव्हतं.